यादीतली कारणे आणि १९२१ साल

भूगोलाच्या तासाला लोकसंख्यावाढीचा धडा आला की फळ्यावर एक यादी उतरते. अज्ञान, दारिद्र्य, लहान वयातली लग्ने, मुलगाच हवा हा हट्ट. मुले ती पाठ करतात आणि परीक्षेत लिहून गुण मिळवतात. या यादीला एक साधा प्रश्न विचारून पाहू. ही सगळी कारणे सव्वाशे वर्षांपूर्वी आजच्यापेक्षा जास्तच होती. मग तेव्हा लोकसंख्या भराभर का वाढली नाही?

उत्तर शोधायला एखादे गाव डोळ्यांपुढे असलेले बरे. जालन्याहून मंठ्याकडे जाताना वाटूर लागते. हे परतूर तालुक्यातले गाव. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला, त्याआधी परतूर तालुका परभणी जिल्ह्यात होता. आणि सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात. म्हणून या भागाची जुनी कहाणी संस्थानच्या जनगणनेत शोधावी लागते. संस्थानची लोकसंख्या १८९१ मध्ये १ कोटी १५ लाख होती. १९०१ मध्ये ती १ कोटी ११ लाखांवर आली, १९११ मध्ये १ कोटी ३४ लाखांवर गेली, आणि १९२१ मध्ये पुन्हा उतरून १ कोटी २५ लाख झाली. तीस वर्षांत एकूण भर पडली ती दहा लाखांच्याही आत.

हे आकडे वर्गात आलेखावर काढून घ्यावेत. रेषा चढते, पडते, पुन्हा चढते, पुन्हा पडते. पहिली घसरण मुख्यतः १८९९-१९०० च्या दुष्काळाची. दुसरी मुख्यतः १९१८ च्या इन्फ्लुएंझाची. त्या साथीत भारतात किमान सव्वा कोटी माणसे गेली असावीत असा अंदाज आहे. मनमाडहून जालना, परतूरवरून सिकंदराबादकडे जाणारा लोहमार्ग तेव्हा नुकताच वीसेक वर्षांचा होता. ज्या गाडीने धान्य येऊ शकत होते, तिनेच साथही येऊ शकत होती. साऱ्या देशातही १९११ ते १९२१ या दशकात लोकसंख्या घटली; नंतर असे दशक पुन्हा आले नाही. म्हणूनच अभ्यासक १९२१ ला विभाजक वर्ष मानतात.

तोपर्यंत बायांना मुले कमी होत होती असे नाही. सहा, सात, आठ बाळंतपणे ही सर्रास गोष्ट होती. पण जन्मलेल्या हजारांतली दोनशेहून अधिक मुले वर्षाच्या आत जात, आणि उरलेल्यांना देवी, हिवताप, पटकी, प्लेग गाठत. जन्म भरपूर आणि मृत्यूही जवळजवळ तितकेच, असा तो हिशेब होता.

१९२१ नंतर बदलली ती मृत्यूची बाजू. आधी हळू, स्वातंत्र्यानंतर झपाट्याने. १९४७ च्या सुमारास देशात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख दगावत. १९५३ मध्ये डीडीटी फवारणीची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत रुग्णांचा आकडा लाखाच्या आसपास आला. (पुढे हिवताप परतला, पण ती वेगळी कथा.) देवीचा शेवटचा रुग्ण भारतात १९७५ मध्ये सापडला. बहात्तरचा दुष्काळ मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना अजून आठवतो: खडी फोडणे, सुकडी, अमेरिकेतून आलेला लाल मिलो. हाल फार झाले, पण १९०० सारखी माणसे मेली नाहीत. त्या कामांतूनच रोजगार हमी योजना उभी राहिली.

मृत्यू घटले, जन्म मात्र बराच काळ पूर्वीइतकेच राहिले. या दोहोंमधले अंतर म्हणजेच लोकसंख्यावाढ. आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत १९२१ मध्ये २ कोटी ८ लाख लोक होते, १९५१ मध्ये ३ कोटी २० लाख आणि १९८१ मध्ये ६ कोटी २८ लाख. शेवटची तीस वर्षे पाहा: जवळजवळ दुप्पट.

जन्म लगेच का घटले नाहीत? जिने स्वतःच्या आईची निम्मी मुले गेलेली पाहिली, तिला आपली चारही जगतील हे कोणी सांगावे आणि तिने का मानावे? आकडा सरकारी अहवालात घटतो. विश्वास बसायला एक पिढी लागते. जामखेडचे उदाहरण इथे बोलके आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे काम सुरू केले आणि गावातल्याच, बहुधा निरक्षर बायांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांच्या गावांत बालमृत्यूचे प्रमाण हजारी १७६ वरून १९९६ पर्यंत २६ वर आले, आणि जन्मदर हजारी ४० वरून २० वर. मुले जगू लागली, मग कमी मुले पुरेशी वाटू लागली.

साधनेही हवीत, हे खरेच. गणिताचे प्राध्यापक र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढले तेही १९२१ मध्येच, म्हणजे जनगणनेत आकडा घटला त्याच वर्षी. त्यांना माणसे फार झाल्याची चिंता नव्हती. बाईचे शरीर आणि तिची मर्जी हा त्यांचा मुद्दा होता. पुढे सरकारने आकडा धरला आणि मर्जी सोडली. १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. पण त्या काळात ‘केसेस’ आणण्याचे उद्दिष्ट शिक्षकांच्याही गळ्यात पडले होते, आणि शाळेतला गुरुजी दिसला की माणसे शेतात पळत, हे आपल्याच पेशाच्या इतिहासात आहे. त्या धास्तीनंतर पुरुष नसबंदी जवळपास संपली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या विवाहित जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत स्त्रीची शस्त्रक्रिया झालेली होती. पुरुषाची शंभरात एकाचीही नाही. सक्तीचा राग पुरुषांनी काढला, भार बायांवर आला.

परिणामांची यादीही अशीच तपासावी. राज्यातले सरासरी जमीनधारण १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होते, २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टर. वाटण्या होत गेल्या, आणि कोरडवाहू तुकड्यावर भागत नाही म्हणून ऊसतोडीला, पुण्याला, मुंबईला जाणे आले. यात लोकसंख्येचा वाटा आहेच. पण विहिरी आटल्या त्याचे खापर केवळ माणसांच्या संख्येवर फोडता येत नाही; कोणी कोणते पीक लावले आणि किती पाणी उपसले हेही विचारावे लागते.

आता आलेखाचे दुसरे टोक. महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी मुले १९९२-९३ मध्ये २.९ होती, २०१९-२१ मध्ये १.७. लोकसंख्या स्थिर राहायला साधारण २.१ लागतात. तरी ती लगेच घटत नाही, कारण मोठ्या कुटुंबांत जन्मलेली पिढी अजून आईबापांच्या वयात आहे. प्रत्येकीला दोनच झाली तरी आया पुष्कळ. मराठवाड्यात मुलींची लग्ने अजूनही लवकर होतात. परभणी, बीडसारख्या जिल्ह्यांत याच पाहणीनुसार चाळीस टक्क्यांहून अधिक मुलींची लग्ने अठराच्या आत झाली होती. त्यामुळे दोन पिढ्यांतले अंतर कमी राहते आणि वाढ रेंगाळते. म्हणजे फळ्यावरच्या यादीतले हे कारण खोटे नाही. फक्त ते वाढ सुरू करणारे नाही, लांबवणारे आहे.

दुसरीकडे, २०२३ मध्ये राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा सुमारे पंधरा हजार होत्या. त्यात खासगी शाळांचा आणि स्थलांतराचा हात मोठा, पण कमी जन्मांचाही आहे.

वाटूर असो की दुसरे कोणते गाव, जुन्या शाळेच्या कपाटात जनरल रजिस्टर असते. पाचवी-सहावीच्या मुलांकडून दर दहा वर्षांतल्या पहिलीच्या नोंदी मोजून घ्या आणि आलेख काढा. जन्मतारखांवर मात्र भिस्त ठेवू नका. अर्ध्याअधिक १ जून असतील; त्या आपल्याच आधीच्या गुरुजींनी घातलेल्या आहेत. आणि घरच्या आजी-पणजीला किती मुले झाली, किती जगली, हे मुलांना विचारून यायला सांगितले तर आधी सांगून ठेवा, आजी गप्प बसली तर पुढे विचारायचे नाही.