रेवसच्या बाजूने समाजशास्त्राचा इतिहास

बीएला समाजशास्त्र घेतलं की हा भाग पाठच होतो: 1919 साली मुंबई विद्यापीठात विभाग सुरू झाला, पहिले प्रमुख पॅट्रिक गेडेस, 1924 पासून गो. स. घुर्ये. घुर्ये मूळचे मालवणचे, संस्कृतचे विद्यार्थी. 1932 मध्ये त्यांचं ‘कास्ट अँड रेस इन इंडिया’ आलं. परीक्षेला एवढं पुरतं, संशोधनाला नाही.

त्याच सुमारास खाडीच्या या बाजूला, रेवसच्याच अलिबाग तालुक्यात काय चाललं होतं बघा. 1933 मध्ये नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी खोतांची जमीन कसायचं थांबवलं. संप 1939 पर्यंत चालला. मधेच, 1937 मध्ये, डॉ. आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं.

घुर्यांच्या मांडणीला जुन्या ग्रंथांचा मोठा आधार आहे. चरीतली कुळं बहुतेक आगरी. तिथे जात आणि जमिनीचा खंड वेगळे काढताच येत नाहीत. मग जात समजायला ग्रंथांबरोबर जमिनीचे जुने कागदही वाचायला लागतील ना? रेवसच्या मुलांनो, अभ्यासक्रमातल्या तारखांशेजारी आपल्या तालुक्याच्या तारखा लिहा. संशोधनाचा प्रश्न असाच सापडतो.