दहा वॅटची शाळा

अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांत व्हिडिओ निर्मिती आणि प्रसारण शिकवणारे जे विभाग आहेत, त्यांचा इतिहास बहुधा यंत्रांच्या क्रमाने सांगितला जातो. आधी काळे-पांढरे स्टुडिओ कॅमेरे, मग 1967 चा सोनीचा पोर्टापॅक, 1971 ची यू-मॅटिक कॅसेट, पुढे संगणकावरचं एडिटिंग. कॉलेजांच्या माहितीपुस्तिकांना हा क्रम सोयीचा पडतो. पुढच्या खरेदीची मागणी त्याच यादीच्या शेपटाला जोडता येते. पण या कॉलेजांतून प्रसारणाचा धंदा कसा शिकवला गेला हे शोधायचं, तर कॅमेऱ्यांच्या पावत्यांपेक्षा परवान्यांचे कागद जास्त कामाचे आहेत. माझं म्हणणं असं की, हे विभाग खऱ्या अर्थाने जोरात होते ते कॉलेजच्या नावावर स्वतःचं रेडिओ किंवा टीव्ही केंद्र होतं तेव्हा. ठरल्या वेळी हवेत जायचं आणि जे गेलं त्याचा जाब द्यायचा, हा तिथला मुख्य विषय होता. बाकी सगळं, म्हणजे प्रकाशयोजना, ध्वनी, पटकथा, हे त्या एका विषयाच्या अनुषंगाने शिकलं जाई.

सुरुवात रेडिओपासून करावी लागते. इलिनॉयमधल्या जोलिएट ज्युनियर कॉलेजपासून, म्हणजे 1901 पासून, दोन वर्षांच्या सार्वजनिक महाविद्यालयाची कल्पना अमेरिकेत रुजत होती. पण तिला बळ आलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर. 1944 च्या जी. आय. कायद्याने परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला आणि 1947 मध्ये ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाने गावोगावी स्वस्त, सर्वांना खुली कॉलेजं काढा असं सांगितलं. नेमक्या याच काळात एफएमचा पट्टा नव्याने आखला जात होता. 1945 मध्ये केंद्रीय दळणवळण आयोगाने (तिथे त्याला सगळे एफसीसी म्हणतात) त्यातल्या 20 जागा बिगरव्यापारी शैक्षणिक केंद्रांसाठी राखून ठेवल्या. सांता मोनिकातलं केसीआरडब्ल्यू हे केंद्र 1945 मध्ये निघालं ते सैन्यातून आलेल्या तरुणांना एफएम हे नवं तंत्र शिकवण्यासाठी. आणि 1948 मध्ये आयोगाने आणखी एक पाऊल टाकलं. ते फारसं कोणाच्या लक्षात राहिलेलं नाही, पण माझ्या मते या सगळ्या कहाणीतलं तेच सर्वांत फलदायी ठरलं. शैक्षणिक संस्थांना फक्त 10 वॅटचा ट्रान्समीटर चालवायला परवानगी मिळाली. दहा वॅट म्हणजे घरातल्या साध्या बल्बपेक्षाही कमी शक्ती. आवाज जेमतेम काही मैल पोचायचा, पण खर्च एखाद्या लहान कॉलेजला झेपेल इतकाच होता.

ट्रान्समीटर दहा वॅटचा असला तरी नियम मोठ्या केंद्राचेच होते. दर तासाला केंद्राचं नाव आणि गाव उच्चारायचं. काय कधी वाजलं, कोण बोललं याची नोंदवही ठेवायची. ट्रान्समीटरच्या काट्यांची नोंद घ्यायची. जाहिरात करायची नाही, कोणत्या उमेदवाराला पाठिंबा द्यायचा नाही. तपासनीस केव्हा दारात उभा राहील याचा भरवसा नाही. वर्गातल्या प्रात्यक्षिकात चूक झाली तर गुण कापले जातात. इथे चूक झाली तर आयोगाचं पत्र कॉलेजच्या अध्यक्षांच्या टेबलावर येणार. एकोणीस वर्षांच्या मुलाला रेकॉर्ड संपण्याआधी दुसरी तयार ठेवायची सवय ज्या झपाट्याने लागते, त्या झपाट्याने ती कोणत्याही पाठ्यपुस्तकाने लागत नाही, कारण रेकॉर्ड संपल्यावरची शांतता सगळ्या गावाला ऐकू जाते. कॅलिफोर्नियातल्या फूटहिल कॉलेजचं केएफजेसी हे केंद्र 1959 मध्ये हवेत आलं, आणि विद्यार्थी व हौशी कार्यकर्त्यांच्या हाती राहून ते पुढे इतकं विक्षिप्त आणि धीट झालं की 1983 मध्ये त्यांनी ‘लुई लुई’ या एकाच गाण्याच्या आठशेंहून अधिक आवृत्त्या सलग 63 तास वाजवल्या. याला शिक्षण म्हणायचं का, असं कोणी विचारेल. 63 तास माणसांच्या पाळ्या लावणं, शेकडो ध्वनिमुद्रणं मिळवणं, क्रमाने लावणं आणि कुठेही खंड पडू न देणं याला निर्मिती-व्यवस्थापन म्हणतात. त्या नावाचा एक पेपर आजही अभ्यासक्रमात असतो.

टीव्हीची गोष्ट थोडी वेगळी, कारण तिथे परवाना मागताना कॉलेजांच्या डोळ्यांसमोर धंदेशिक्षण नव्हतंच. 1948 च्या सप्टेंबरात आयोगाने नव्या टीव्ही केंद्रांना परवाने देणं थांबवलं आणि ही बंदी 1952 च्या एप्रिलपर्यंत टिकली. त्या साडेतीन वर्षांत आयोगावरच्या पहिल्या महिला सदस्य फ्रीडा हेनॉक यांनी शिक्षणासाठी चॅनेल राखून ठेवण्याचा आग्रह इतका चिकाटीने धरला की बंदी उठली तेव्हा 242 जागा राखीव निघाल्या. त्यातल्या बऱ्याचशा यूएचएफ पट्ट्यात होत्या, आणि हा पट्टा तेव्हाच्या बहुतेक टीव्ही संचांना पकडताच येत नसे. सगळ्या नव्या संचांत तो असावा असा कायदा 1962 मध्ये झाला. त्याच वर्षी शैक्षणिक केंद्रांच्या यंत्रसामग्रीसाठी केंद्र सरकारचा पैसाही मोकळा झाला. दरम्यान शिकागोत 1956 पासून ‘टीव्ही कॉलेज’ चालू झालं होतं. शहराच्या ज्युनियर कॉलेजचे वर्ग डब्ल्यूटीटीडब्ल्यू केंद्रावरून घरोघरी जात आणि वर्गात पाऊल न टाकताही दोन वर्षांची पदवी मिळवता येई. तेव्हाच्या प्राचार्यांना टीव्ही हवा होता तो असा, हजारो बाकांचा वर्ग म्हणून. सॅन बर्नार्डिनोचं केव्हीसीआर (रेडिओ 1953 पासून, टीव्ही 1962 पासून), सॅन मटेओचं केसीएसएम (1964), ऑरेंज काउंटीतलं केओसीई (1972) ही कॉलेज जिल्ह्यांची केंद्रं त्या हवेत उभी राहिली. पण पडद्यावर प्राध्यापक दिसायचा तर कॅमेऱ्यामागे, स्विचरवर, ध्वनीच्या टेबलावर आणि फ्लोअरवर माणसं लागतात, आणि तेवढी पगारी माणसं रोज ठेवणं कोणत्याही कॉलेजला जड जातं. विद्यार्थ्यांना स्टुडिओत घेणं ही शिक्षणशास्त्राची निवड होण्याआधी हिशेबाची निकड होती. ज्या गोष्टीचा मुद्दाम आराखडा केला नव्हता ती सर्वांत चांगली फळली, असं शिक्षणाच्या इतिहासात वरचेवर घडतं.

या कौतुकावर पहिला आक्षेप समाजशास्त्राकडून येतो, आणि तो वजनदार आहे. बर्टन क्लार्क यांनी 1960 मध्ये सॅन होजेच्या कॉलेजचा अभ्यास करून दाखवलं की सर्वांना दार उघडणारं हे महाविद्यालय आत आल्यावर पुष्कळांची महत्त्वाकांक्षा हळूच थंड करतं. चार वर्षांच्या पदवीचं स्वप्न घेऊन आलेल्याला समजूत घालून दोन वर्षांच्या धंदेशिक्षणाकडे वळवलं जातं. 1989 मध्ये ब्रिंट आणि काराबेल यांनी हाच मुद्दा ऐतिहासिक पुराव्याने पुढे नेला. मग प्रसारण विभाग म्हणजे गरिबाच्या मुलाला कॅमेरा देऊन गप्प बसवण्याची आणखी एक युक्ती नव्हे काय? काही अंशी होती. केंद्रं थोडी आणि उमेदवार पुष्कळ, ही स्थिती या क्षेत्रात कायमच राहिली. शिवाय ट्रान्समीटरवर काम करायला आयोगाचा पहिल्या वर्गाचा ऑपरेटर परवाना लागे. त्याच्या परीक्षेची तयारी करून घेणाऱ्या खासगी शिकवण्याही जोरात चालत. ही अट 1981 मध्ये गेली. पण प्रसारणाच्या धंद्यात एक गोष्ट निराळी होती, ती क्लार्क यांच्या चौकटीत नीट बसत नाही. लहान गावातल्या केंद्राचा व्यवस्थापक पदवी नंतर पाहायचा, आधी टेप मागायचा. खरोखर प्रसारित झालेल्या कामाची ती टेप (रेडिओवाले तिला एअरचेक म्हणत) कॉलेजच्या दहा वॅटवरून आलेली असली तरी चालायची. चार वर्षांच्या नामांकित विद्यापीठात केवळ जनसंवादाचे सिद्धांत शिकलेल्या मुलाकडे ती नसे. जिथे केंद्र होतं तिथे थंड करण्याची प्रक्रिया उलटी फिरायला निदान एक फट होती. जिथे नुसता स्टुडिओ होता तिथे क्लार्क यांचं म्हणणं मला जवळजवळ पूर्ण मान्य आहे.

दुसरा आक्षेप सार्वजनिक प्रसारणाच्याच गोटातला. लहरी मर्यादित आहेत, त्या साऱ्या जनतेच्या आहेत. त्यावर शिकाऊ पोरांनी अडखळत का बोलावं? 1972 मध्ये सार्वजनिक प्रसारण महामंडळाने आयोगाला हेच सांगितलं: दहा वॅटची केंद्रं जागा अडवून बसली आहेत, तिथे सशक्त व्यावसायिक दर्जाचं केंद्र येऊ शकतं. 1978 मध्ये आयोगाने ते मानलं. नवे दहा वॅटचे परवाने बंद झाले. जुन्यांना शक्ती 100 वॅटपर्यंत वाढवा, नाहीतर मोठ्या केंद्रांपासून संरक्षण मिळणार नाही, असं बजावलं. श्रोत्याच्या बाजूने पाहिलं तर हा निर्णय अन्याय्य म्हणवत नाही. केसीआरडब्ल्यूचंच उदाहरण घ्या. सत्तरीच्या अखेरीस रूथ हर्शमन (पुढे सीमोर) यांच्या हाती आल्यावर ते लॉस एंजेलिस परिसरातलं फार नावाजलेलं केंद्र झालं, परवाना कॉलेजकडेच राहिला, आणि माइकसमोरून विद्यार्थी मात्र बाजूला झाला. केंद्र जितकं चांगलं तितकी शिकाऊ माणसाला जागा कमी, हा पेच माझ्या मुद्द्याला अडचणीचा आहे आणि तो सुटत नाही. एवढंच म्हणता येईल की दहा वॅटची योजना हा त्यावरचा तोडगाच होता: शिकाऊंना लहान अंगण, कसलेल्यांना मोठं मैदान. 1978 मध्ये अंगण मोडलं. केबलच्या सार्वजनिक आणि शैक्षणिक चॅनेलांनी ती उणीव काहीशी भरली. असे चॅनेल ठेवायला लावणारा 1972 चा सक्तीचा नियम सर्वोच्च न्यायालयाने 1979 मध्ये रद्द केला तरी 1984 च्या कायद्याने शहरांना केबल कंपन्यांकडून असे चॅनेल मागण्याची मुभा दिली. पण तिथे वेळापत्रकाचा काच सैल होता. कार्यक्रम आला नाही तर सूचनाफलक चालू ठेवता यायचा.

मग लहरींना जमिनीसारखा भाव आला. राज्याच्या तुटीच्या काळात कोस्ट कॉलेज जिल्ह्याने केओसीई विकायला काढलं. डेस्टार या धार्मिक वाहिनीने बोली लावली, 2004 मध्ये केंद्र एका स्थानिक प्रतिष्ठानाला गेलं, त्यावरून दावे झाले आणि वाद 2007 मध्ये मिटला. 2017 च्या सुमारास सरकारने टीव्हीच्या लहरी मोबाइल कंपन्यांसाठी परत घेण्याचा लिलाव केला. सॅन मटेओचा त्यात डाव फसला, आणि केसीएसएम टीव्ही शेवटी दुसऱ्या सार्वजनिक केंद्राला विकला गेला. जॅझ वाजवणारा रेडिओ तेवढा कॉलेजकडे राहिला. दोन्ही ठिकाणी विश्वस्तांपुढे प्रश्न एकच होता: परवान्याची किंमत किती आणि त्यावर वर्षाला तोटा किती. त्यावर शिकणाऱ्यांचा रकाना हिशेबाच्या वहीत नव्हता.

विकणाऱ्यांची बाजू आजच्या वाचकाला पटकन पटेल. खिशातल्या फोनवर चित्रीकरण होतं, यूट्यूबवर जगभर जातं. मग सरकारी परवाना आणि मनोऱ्याचं ओझं कशाला? हा आक्षेप साधनांबद्दल बरोबर आहे आणि शिक्षणाबद्दल अपुरा. अपलोड करणाऱ्याला वेळेचं बंधन नसतं. आज जमलं नाही तर उद्या. बिघडलेलं काढून टाकता येतं. आपल्याकडचा अनुभव याच बाजूने साक्ष देतो. 15 ऑगस्ट 1984 पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ दूरदर्शनवरून सुरू झाला आणि पुणे विद्यापीठाच्या माध्यम केंद्रात त्यासाठी चांगले कार्यक्रम बनू लागले. पण ट्रान्समीटर दूरदर्शनचा, वेळापत्रक दिल्लीचं. शैक्षणिक संस्थांना स्वतःचं रेडिओ केंद्र काढण्याची मुभा 2002 च्या अखेरीस मिळाली, ‘विद्यावाणी’सारखी केंद्रं त्यानंतरची, आणि स्वतःच्या बातम्या देण्याची मनाई तिथेही होतीच. महाराष्ट्रात पत्रकारिता शिकलेल्या पिढ्यांना कॅमेरा लवकर मिळाला, हवा उशिरा आणि अर्धी मिळाली. त्यामुळे पहिल्या नोकरीतली पहिली थेट बातमी हीच अनेकांची पहिली खरी परीक्षा ठरली. ती परीक्षा शिकाऊ वयात, दहा वॅटच्या टप्प्यात उरकलेली बरी.

तिकडे अमेरिकेत केव्हीसीआरने टीव्ही लहरींच्या त्याच लिलावात वेगळा रस्ता धरला. सॅन बर्नार्डिनोच्या कॉलेज जिल्ह्याने यूएचएफ जागा सोडून व्हीएचएफ पट्ट्यात सरकायचं कबूल केलं, त्याचे 15 कोटी डॉलरहून अधिक मिळाले आणि परवानाही हातात राहिला. रेडिओ आणि टीव्ही दोन्ही आजही कॉलेजच्या आवारातच आहेत. त्या पैशातला किती भाग स्टुडिओत काम शिकणाऱ्यांवर खर्च करायचा, हे विश्वस्तांच्या हाती आहे.