पावडरीची डबी आणि उन्हात बसलेला सरडा

आजचा विषय ऐकून काही जण हसतील: शॅमेलिऑनच्या खाण्यावर भुरभुरायची पांढरी पावडर. पण परदेशात हा सरडा पाळणाऱ्या प्रत्येकाच्या घरी ही डबी असते. आणि त्यांतले कित्येक सरडे या डबीपायीच जातात. काही ती न वापरल्यामुळे, काही फार वापरल्यामुळे. (आपल्याकडचा घोयरा सरडा याच कुळातला. तो १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, त्यामुळे त्याला घरी आणायचा विचारच नको.)

तर ही डबी आली कुठून? त्यासाठी १८८९ च्या लंडनला जाऊ. तिथल्या प्राणिसंग्रहालयात सिंहाचे छावे जगत नव्हते. मुडदूस व्हायचा, पाय वाकायचे. खायला काय, तर नुसतं मांस. जॉन ब्लँड-सटन या शल्यविशारदाने सुचवलं की कुटलेली हाडं, दूध आणि कॉड लिव्हर ऑईल द्या. छावे सुधारले! का सुधारले, हे मात्र तेव्हा कुणाला सांगता येईना. १९१९ मध्ये एडवर्ड मेलनबी यांनी कुत्र्याच्या पिल्लांवर प्रयोग करून दाखवलं की मुडदुसाचा आहाराशी संबंध आहे. १९२२ मध्ये एल्मर मॅकॉलम यांनी तेलातला तो गुणकारी घटक वेगळा ओळखला, तेच ड जीवनसत्त्व. आणि १९२४ मध्ये हॅरी स्टीनबॉक यांनी अन्नावर अतिनील किरण टाकले, तर त्या अन्नातही तोच गुण आला.

मग काय, ड जीवनसत्त्व जिकडे तिकडे घालायला सुरुवात झाली. ब्रिटनमध्ये बाळांच्या दुधात, खाण्यात, वर तेलही वेगळं. १९५० च्या दशकात तिथे काही बाळांच्या रक्तात कॅल्शियम बेसुमार वाढलेलं आढळलं, आणि १९५७ मध्ये हे प्रमाण कमी करावं लागलं. शॅमेलिऑनच्या बाबतीत अगदी हेच पुन्हा घडलं, फक्त उशिरा.

या सरड्याचं पिंजऱ्यातलं मुख्य खाणं म्हणजे रातकिडे. त्यांच्यात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम अगदी थोडं. रक्तातलं कॅल्शियम घटलं की शरीर ते हाडांतून ओढून घेतं. जबडा रबरासारखा मऊ पडतो, पाय वाकतात, जीभ नीट सुटत नाही. जीभच सुटली नाही तर हा प्राणी उपाशीच मरायचा. त्यात तो घरात, आणि खिडकीच्या काचेतून हवे ते अतिनील किरण आत येत नाहीत. म्हणून पाळणाऱ्यांनी ड-३ मिसळलेलं कॅल्शियम रोज द्यायला घेतलं. हाडं सावरली, पण काहींच्या मूत्रपिंडात आणि रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचू लागलं. अ जीवनसत्त्वाचंही तसंच: कमी पडलं की डोळे सुजतात, जास्त झालं तर विषबाधा.

मला स्वतःला यातलं सगळ्यात आवडलेलं काम गॅरी फर्ग्युसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं. टेक्सासमध्ये, मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनवर. काही सरड्यांना ड-३ कमी असलेला आहार दिला, काहींना जास्त, आणि अतिनील किरणांत किती बसायचं ते त्यांच्यावरच सोडलं. २००३ मध्ये निष्कर्ष आला की ज्यांना आहारातून कमी मिळत होतं ते किरणांत जास्त बसत होते, ज्यांना पुरेसं मिळत होतं ते टाळत होते. २००९ च्या अभ्यासातही तेच दिसलं. म्हणजे हिशेब सरड्याला येतो, फक्त त्याला ऊन आणि सावली दोन्ही हवीत.

शिवाय एक सोय निसर्गातच आहे. उन्हामुळे कातडीत जे तयार होतं, ते जास्त झालं तर तेच ऊन ते मोडून टाकतं. तोंडावाटे गेलेल्या ड-३ ला असा लगाम नाही.

त्यामुळे आज अनुभवी पाळणारे बहुतेक वेळा ड-३ नसलेलं साधं कॅल्शियम किड्यांवर हलकंसं भुरभुरतात, ड-३ असलेलं आणि मल्टीव्हिटॅमिन महिन्यातून दोनेकदाच. किड्यांनाही आधी पालेभाजी खाऊ घालतात. बाकीचं काम अतिनील दिव्यावर सोडायचं. तो दिवा मात्र फसवतो बरं का! उजेड पडत राहतो, पण आतले अतिनील किरण महिन्यामहिन्याने ओसरत जातात. म्हणून नळी बदलल्याची तारीख त्या पावडरीच्या डबीवरच लिहून ठेवणारे लोक मला शहाणे वाटतात.