आहाररचना आणि ऑक्सिडीकरणी ताण

शरीरातील कोशिकांमध्ये (पेशींमध्ये) श्वसनादी क्रियांमुळे सतत निर्माण होणारी क्रियाशील ऑक्सिजनयुक्त द्रव्ये व त्यांना निष्प्रभ करणारी यंत्रणा यांतील समतोल ढळला म्हणजे उद्‌भवणाऱ्या अवस्थेस ऑक्सिडीकरणी ताण म्हणतात. या ताणामुळे मेद, प्रथिने व डीएनए यांच्या रेणूंची हानी होते. रोहिणीविलेपीविकार (रोहिण्यांच्या भित्तींत मेदाचे थर साचण्याचा विकार), कर्करोग व वार्धक्य यांच्याशी त्याचा संबंध जोडला जातो. प्रौढांच्या एकंदर आहाररचनेचा या ताणाशी काय संबंध आहे, हा प्रश्न तुलनेने अलीकडचा आहे. त्यापूर्वी दीर्घकाळ संशोधकांचे लक्ष एकेका पोषकद्रव्यावर खिळलेले होते.

अयुग्म इलेक्ट्रॉन असलेल्या रेणूस अथवा अणुगटास मुक्त मूलक म्हणतात. मोझेस गॉम्बर्ग (१८६६–१९४७) यांनी १९०० मध्ये असे पहिले कार्बनी मूलक तयार केले. मात्र अशी क्रियाशील द्रव्ये सजीवांत महत्त्वाची असतील, असे बराच काळ मानले जात नव्हते. १९५४ मध्ये रेबेका गेर्शमन, डॅन्येल गिल्बर्ट व त्यांचे सहकारी यांनी ऑक्सिजनाची विषबाधा व क्ष-किरणांची इजा या दोहोंमागे मुक्त मूलकेच असावीत, असे मत मांडले. १९५६ मध्ये डेनम हार्मन (१९१६–२०१४) यांनी वार्धक्याची उपपत्ती याच मूलकांच्या आधारे मांडली. १९६९ मध्ये जो मॅककॉर्ड व अर्विन फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइड डिसम्यूटेज या एंझाइमाचे कार्य दाखवून दिले. शरीरात अशा मूलकांचा नाश करणारे खास एंझाइम आहे, म्हणजेच मूलकेही तेथे निर्माण होत असली पाहिजेत, हे यावरून स्पष्ट झाले. हेल्मूट झीस यांनी संपादित केलेल्या १९८५ च्या ग्रंथामुळे ‘ऑक्सिडीकरणी ताण’ ही संज्ञा रूढ झाली.

फळे व भाज्या भरपूर खाणाऱ्या लोकांत कर्करोग कमी आढळतो, हे याच सुमारास दिसून येत होते. १९८१ मध्ये रिचर्ड पीटो, रिचर्ड डॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी भाज्यांतील बीटा कॅरोटीन हे त्याचे कारण असू शकेल काय, याची पद्धतशीर परीक्षा व्हावी, असे सुचविले. क व ई जीवनसत्त्वांविषयीही अशाच अपेक्षा होत्या. भाजीतील गुणकारी द्रव्य वेगळे काढून गोळीच्या रूपाने दिल्यास तोच लाभ मिळेल, असे गृहीत धरून मोठ्या चाचण्या हाती घेण्यात आल्या.

फिनलंडमध्ये ५० ते ६९ वर्षे वयाच्या २९,१३३ धूम्रपानी पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण घटण्याऐवजी १८ टक्क्यांनी वाढलेले आढळले. अमेरिकेत धूम्रपानी व ॲस्बेस्टसाशी संपर्क आलेल्या १८,३१४ व्यक्तींवर बीटा कॅरोटीन व अ जीवनसत्त्व यांची चाचणी चालू होती. तीत या कर्करोगाचे प्रमाण २८ टक्क्यांनी व मृत्यूंचे १७ टक्क्यांनी अधिक दिसल्याने जानेवारी १९९६ मध्ये ती मुदतीपूर्वीच थांबविण्यात आली. २२,०७१ अमेरिकन डॉक्टरांवरील सु. १२ वर्षांच्या चाचणीत लाभही दिसला नाही व हानीही नाही. फिनलंडच्या चाचणीतील एक गोष्ट विशेष लक्षणीय होती. ज्यांच्या आहारात व रक्तात आरंभीच बीटा कॅरोटीन अधिक होते, त्यांच्यात हा कर्करोग कमीच होता. म्हणजे आहारातील बीटा कॅरोटीन हे बहुधा चांगल्या आहाराचे निदर्शक होते. त्याचे संपूर्ण फळ त्या एका द्रव्याकडे देणे चुकीचे ठरले.

या अनुभवानंतर संपूर्ण आहाररचनेच्या अभ्यासाला महत्त्व आले. त्याची पार्श्वभूमी अगोदरच तयार होती. अँसेल कीझ (१९०४–२००४) यांनी १९५८ मध्ये आरंभिलेल्या सात देशांच्या पाहणीत क्रीटमधील पुरुषांत हृदयविकाराने होणारे मृत्यू अत्यल्प आढळले होते. १९९५ मध्ये अँटोनिया ट्रिकोपूलू व सहकाऱ्यांनी ग्रीक खेड्यांतील वृद्धांच्या आहारास गुणांक देऊन त्याचा आयुर्मर्यादेशी असलेला संबंध तपासला. अमेरिकेत १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डॅश’ चाचणीत फळे, भाज्या व कमी मेदाचे दुग्धपदार्थ असलेल्या आहाराने रक्तदाब उतरला. तिच्यातील १२३ व्यक्तींच्या तपासणीत (१९९८) अशा आहारानंतर रक्तरसाची ऑक्सिडीकरणरोधी क्षमता वाढलेली आणि मेदांच्या ऱ्हासातून निर्माण होणाऱ्या एथेन वायूचे उच्छ्वासातील प्रमाण घटलेले आढळले. २००७ मध्ये स्पेनमधील ३७२ व्यक्तींच्या अभ्यासात ऑलिव्ह तेलयुक्त भूमध्यसागरी आहार ३ महिने घेतल्यावर रक्तातील ऑक्सिडीभूत मेदप्रथिन कमी झाले. ज्या मोठ्या चाचणीचा हा भाग होता, तिचा २०१३ चा मुख्य अहवाल यादृच्छिक वाटणीतील दोषांमुळे २०१८ मध्ये मागे घेऊन फेरविश्लेषणासह पुन्हा प्रसिद्ध करावा लागला. मूळ निष्कर्ष मात्र बहुतांशी कायम राहिला.

एकट्या द्रव्याला जे साधले नाही, ते संपूर्ण आहाराला का साधावे, याची काही कारणे सांगता येतात. मुक्त मूलके केवळ अपायकारक नाहीत. श्वेत कोशिका त्यांच्याच साहाय्याने जंतूंचा नाश करतात व कोशिकांतील संदेशवहनातही क्रियाशील ऑक्सिजनयुक्त द्रव्यांचा उपयोग होतो. म्हणून त्यांचा सरसकट नायनाट इष्ट नव्हे. शिवाय क व ई ही जीवनसत्त्वे परस्परांना पूरक ठरतात. वनस्पतिज आहारात त्यांच्याबरोबर तंतुद्रव्ये व अनेक खनिजेही मिळतात आणि असा आहार घेताना संतृप्त मेद व साखर यांचे सेवन सहसा आपोआप घटते.

तथापि या ताणाचे मापन अद्याप बिनचूक नाही. मॅलॉनडायाल्डिहाइडाच्या जुन्या कसोटीपेक्षा १९९० मध्ये वर्णिलेली आयसोप्रोस्टेन द्रव्ये अधिक विश्वसनीय मानली जातात. रक्तातील एखादा निदर्शक सुधारला म्हणजे रोग टळला, असेही म्हणता येत नाही. फिनलंडच्या चाचणीने दिलेला हा धडा आहाररचनेच्या अभ्यासासही लागू पडतो.