प्रेक्षकांनी उभा केलेला क्लब

आज आम्ही लंडनच्या विम्बल्डन भागातल्या फुटबॉल क्लबबद्दल बोलणार आहोत. टेनिसचं विम्बल्डन तेच. या क्लबनं 1988 मध्ये बलाढ्य लिव्हरपूलला हरवून एफए कप जिंकला होता. पण 1991 पासून त्याला स्वतःचं मैदान उरलं नाही. शेवटी मालकांनी क्लबच नव्वद किलोमीटरवर मिल्टन कीन्सला न्यायचं ठरवलं. मे 2002 मध्ये परवानगीही मिळाली. प्रेक्षकांना विचारतो कोण?

त्यांनी काही आठवड्यांतच आपला नवा क्लब काढला, एएफसी विम्बल्डन. खेळाडू निवडायला मोकळ्या माळावर चाचणी ठेवली, तर सुमारे 230 जण आले. मालकी सभासदांच्या ट्रस्टची, एका सभासदाला एकच मत. अगदी आपल्या बचत गटासारखं!

सुरुवात मात्र नवव्या पायरीवरून. पहिल्या हंगामात तिसरा क्रमांक आला, वर जाता आलं नाही. 2003-04 मध्ये मात्र 46 पैकी 42 सामने जिंकले, 4 बरोबरीत, हार एकही नाही. त्या बढतीनंतर 2005, 2008, 2009 मध्येही बढत्या मिळाल्या. 2011 मध्ये ल्यूटनला पेनल्टीवर हरवून क्लब इंग्लंडच्या मोठ्या लीगमध्ये पोचला. नऊ हंगामांत पाच बढत्या!

मैदानाचा प्रश्न होताच. बांधकामाला पैसे कमी पडले, तेव्हा चाहत्यांनी रोखे घेऊन क्लबला 50 लाख पौंडांहून अधिक रक्कम उसनी दिली. नोव्हेंबर 2020 मध्ये क्लब आपल्या भागात, प्लाऊ लेनवर परतला. करोनामुळे पहिल्या सामन्याला स्टँड मात्र रिकामे होते.