धांवेपासून टायरपर्यंत

नेरळहून कळंबकडे जाणाऱ्या रस्त्यावर पोशीर हें गांव आहे. त्याच नांवाची नदी या भागांतून वाहत जाऊन पुढें उल्हास नदीस मिळते. सह्याद्रीच्या पायथ्याचा हा मुलूख. पाऊस अमाप आणि दगड काळा व कठीण. एक पावसाळा सरला कीं अशा मुलखांत रस्त्याच्या डांबराची कड तुटते, साइडपट्टी खचते, आणि समोरच्या गाडीस वाट देण्याकरितां खालीं उतरलेलें चाक पुन्हा वर चढतांना त्या धारदार कडेवर घासतें. टायरच्या बाजूवर काप पडतो, किंवा कांहीं दिवसांनीं तेथें लहानसा फुगा उठतो. मग गाडीवाल्यापुढें प्रश्न उभा राहतो : हा टायर बदलावा, कीं आणखी कांहीं महिने चालवावा?

अशा वेळीं घरांतील एखादे वडीलधारे गृहस्थ सांगतात, "आंतून गेटर टाक आणि चालव. आम्हीं वर्षानुवर्षें असेंच चालविलें." हा सल्ला कंजूषपणाचा नव्हे, तो अनुभवाचा आहे, परंतु तो अनुभव निराळ्या टायरचा आहे. ज्या काळीं तो मिळाला त्या काळीं तो पुष्कळ अंशीं खरा होता, आणि आज तो प्राणावर बेतूं शकतो. असें कां झालें हें समजण्यास चाकाच्या इतिहासाकडे थोडें वळावें लागेल.

टायर हा शब्द आपल्याकडे येण्यापूर्वी त्या वस्तूस आपला स्वतःचा शब्द होता. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडाची जी पट्टी चढवितात तिला धांव म्हणतात. लोहार ही पट्टी चाकाच्या घेराहून किंचित् तोकडी वळवितो, विस्तवांत लाल करून ती प्रसरण पावली कीं चाकावर बसवितो आणि लगेच वर पाणी ओततो. थंड होतांना ती आकसते, आणि तुंबा, आरे व भोंवतालचें लाकूड यांना एकत्र आवळून धरते. धांव झिजली तर डोळ्यांना दिसते, सैल झाली तर कानांना ऐकूं येते. अचानक दगा देणें तिला ठाऊक नाहीं. बोरघाटांतील गाडीरस्ता १८३० सालीं खुला झाला, तेव्हां त्यावरून चढउतार करणारीं चाकें याच जातीचीं होतीं.

हवेवर चालणारें चाक ही कल्पना त्यानंतर अवघ्या पंधरा वर्षांची. रबर उष्णतेनें चिकट व थंडीनें ठिसूळ होत असे. अमेरिकेंतील चार्ल्स गुडइयर यास १८३९ सालीं गंधकाच्या साह्यानें तें टिकाऊ करण्याची युक्ति सांपडली. रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश गृहस्थानें १८४५ सालीं हवा भरलेल्या चाकाचें पेटंट घेतलें. परंतु तें चाक काळाच्या फार पुढें होतें व लोक तें विसरून गेले. पुढें १८८८ सालीं बेलफास्ट येथील जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनीं आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठीं तीच गोष्ट नव्यानें शोधून काढली, आणि या वेळीं ती टिकली. मिशेलिन बंधूंनीं १८९५ सालीं पॅरिस ते बोर्दो आणि परत अशा शर्यतींत हवेच्या टायरांवर मोटार चालविली. वाटेंत टायर वारंवार पंक्चर झाले, परंतु मोटारगाडी हवेवर चालूं शकते हें सिद्ध झालें.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. टायरमध्यें रबर हवा कोंडून ठेवतें, परंतु तिचा ताण सोसतें तें रबर नव्हे. तो ताण आंतील कापडाचे दोरे सोसतात. रबर ही त्या दोऱ्यांवरची कातडी म्हणावी. म्हणून टायरची दुखापत किती गंभीर आहे याचा खरा प्रश्न असा : घाव कातडीवरच राहिला, कीं दोऱ्यांपर्यंत पोंचला?

आरंभींच्या टायरांत साधें विणलेलें जाड कापड वापरीत. चाक फिरतांना त्यांतील आडवे व उभे धागे एकमेकांवर घासून तुटत. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास दोऱ्यांचे थर तिरपे व एकमेकांना छेद देणारे असे रचण्याची पद्धति रूढ झाली. अशा टायरमध्यें जितके थर रस्त्याला टेंकणाऱ्या भागाखालीं, तितकेच बाजूंतहि असत. हे चार, सहा किंवा त्याहूनहि अधिक थर एकाला एक आधार देत. एखादा थर कापला तर उरलेले भार वाहून नेत. शिवाय हवा निराळ्या ट्यूबमध्यें असे, रस्ते खडीचे असत, आणि गाडीचा वेग आजच्या मानानें बेताचा असे.

गेटर हा या काळाचा पुत्र होय. जुन्या टायरचा किंवा कॅन्व्हासचा तुकडा कापावयाचा, तो कापाच्या ठिकाणीं टायर व ट्यूब यांच्यामध्यें बसवावयाचा, म्हणजे ट्यूब त्या भेगेंतून बाहेर फुगत नाहीं. स्टेपनी हा शब्दहि त्याच काळानें आपणांस दिला. वेल्समधील लॅनेली या गांवीं स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंनीं १९०४ सालीं जादा चाकाचा धंदा काढला. तें चाक म्हणजे हवेचा टायर चढविलेली, आरे नसलेली एक कडी असे. पंक्चर झालेल्या चाकावर ती बाहेरून जखडीत. ती कडी लोपली, तरी रस्त्याचें नांव आपल्या प्रत्येक गाडींत अद्याप राहिलें आहे.

टायर वांचविण्याची ही संवय दुसऱ्या महायुद्धानें अधिकच पक्की केली. जपाननें १९४२ सालीं मलाया व डच ईस्ट इंडीज घेतलें, आणि जगांतील नैसर्गिक रबराचा बहुतेक पुरवठा दोस्त राष्ट्रांना बंद झाला. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशांतहि त्या वर्षाच्या जानेवारींत टायरांवर नियंत्रण आलें. आपल्याकडे हुगळीजवळ साहागंज येथें डनलॉपचा कारखाना १९३६ पासून चालूं होता, तरी सामान्य गाडीवाल्यास नवा टायर दुर्मिळ झाला. ज्या पिढीनें ते दिवस काढले तिनें टायर टाकून देणें हा अपराध मानला, आणि आपल्या मुलांनाहि तेंच शिकविलें.

नेमक्या याच सुमारास टायरची रचना पालटली. मिशेलिन कंपनीनें १९४६ सालीं रेडियल टायरचें पेटंट घेतलें व १९४९ सालीं तो बाजारांत आणला. यांत दोरे तिरपे नसून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात, आणि रस्त्याला टेंकणाऱ्या भागाखालीं पोलादी तारांचे पट्टे असतात. त्यामुळें नक्षी सपाट टेंकते, टायर कमी तापतो व अधिक टिकतो. परंतु हे पोलादी पट्टे बाजूंत नसतात. आजच्या कारच्या टायरमध्यें बाजूचा सारा भार बहुधा दोऱ्यांच्या एक किंवा दोन थरांवर असतो. ती बाजू मुद्दाम लवचिक केलेली असते. खड्ड्याचा धक्का तीच गिळते. जुन्या टायरची बाजू तटासारखी होती, नव्याची पडद्यासारखी आहे. त्यांतच आतां ट्यूबहि बहुधा नसते, म्हणजे गेटर ज्याच्या रक्षणाकरितां टाकीत तेंच नाहींसें झालें.

फुगा येतो तो असा. चाक खड्ड्याच्या कडेवर जोरानें आदळलें कीं टायरची बाजू दगड व रिम यांच्यामध्यें चेंगरते आणि आंतील दोरे तुटतात. बाहेरच्या रबरावर ओरखडाहि नसेल. मग हवा त्या दुबळ्या जागीं रबरास बाहेर ढकलते. हवेचा दाब चौरस इंचास ३२ पौंड धरला, तर दोन इंच लांब व दोन इंच रुंद फुग्यावर १२८ पौंडांचा, म्हणजे सुमारें ५८ किलोंचा, रेटा अखंड चालूं असतो. आणि तो सोसण्यास तेथें रबराखेरीज फारसें कांहीं उरलेलें नसतें. कारचें चाक एका किलोमीटरांत सामान्यतः पांचशेंहून अधिक फेरे घेतें. ताशीं ६० किलोमीटरच्या वेगानें तो फुगा मिनिटाला पांचशें वेळां दुमडतो व उलगडतो. तो कधीं फुटेल हें कोणीहि कारागीर सांगूं शकत नाहीं.

म्हणून निर्णयाचे नियम सोपे आहेत. बाजूवर फुगा दिसला, तर टायर बदलावा. त्यांत दुसरा विचार नाहीं. काप असेल, तर बोथट वस्तूनें तो हलकेच उघडून पाहावा. आंत दोरे दिसले किंवा काप खोल वाटला, तर टायर उतरवून आंतूनहि तपासावा. दोरे दुखावले असतील तर तो बाद समजावा. केवळ वरवरचा ओरखडा असेल तर चिंता नको, मात्र पुढील कांहीं दिवस रोज पाहत जावें. दोरे तुटल्याची खूण कधीं कधीं उशिरां दिसते. बाजूवर आंत गेलेली, वरून खालीं जाणारी अरुंद खांच असेल, तर घाबरूं नये. तो दोऱ्यांच्या थराचा सांधा असतो व रेडियल टायरांत तो निरुपद्रवी आहे. खिळ्याचें पंक्चर नक्षीच्या भागांत व ६ मिलिमीटरच्या आंतलें असेल तर नीट दुरुस्त होतें, बाजूंतलें होत नाहीं. आणि फुगा आलेला टायर स्टेपनी म्हणून ठेवूं नये, कारण ज्या रात्रीं ती लागेल त्या रात्रीं दुसरा उपाय हाताशीं नसेल.

कायदाहि याच बाजूचा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील ९४ वा नियम टायर सुस्थितींत ठेवण्यास सांगतो. कारच्या नक्षीची खोली १.६ मिलिमीटरहून कमी नसावी हें पुष्कळांस ठाऊक असतें. परंतु कापामुळें आंतील कापड उघडें पडलेला किंवा थर सुटूं लागलेला टायर सुस्थितींत धरीत नाहींत, हेंहि त्याच नियमांत आहे.

पोशीरच्या गाडीवाल्यास हा हिशेब दूरचा नाहीं. नेरळहून माथेरानच्या दस्तुरीपर्यंत चढणाऱ्या रस्त्यावर प्रत्येक वळणास गाडीचा भार बाहेरच्या चाकांवर पडतो, व त्यांच्या बाजू अधिक दुमडतात. खालापुराकडे गेलें कीं २००२ पासून पूर्ण खुला झालेला द्रुतगति मार्ग आहे. तेथें वेग बैलगाडीचा नव्हे, जुन्या मोटारीचाहि नव्हे. पूर्वी टायर फुटला तर गाडी बहुधा लंगडत बाजूस उभी राही आणि नुकसान मालकाचें होई. आज तो फुटला तर मागें बसलेलीं शाळेचीं मुलें आणि समोरून येणारा अनोळखी मनुष्य हे त्या काटकसरीची किंमत देतात, आणि त्यांना कोणीं विचारलेलें नसतें.

टायर महाग आहे हें खरें. ज्यास एकदम जोडी घेणें परवडत नाहीं, त्यानें निदान त्याच मापाचा व तितकाच भार पेलणारा एक टायर घ्यावा आणि शक्य तर त्याच आंसावरील दुसऱ्याशीं झिजेनें जुळणारा पाहावा. बाजूवरील चार अंकांत त्याच्या जन्माचा आठवडा व साल छापलेलें असतें, तें वाचून मगच पैसे द्यावे. काढलेला टायर मात्र कोणास स्वस्तांत विकूं नये. तो कापून झाडाच्या आळ्याभोंवतीं घालावा, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या चाकावर तो पुन्हा चढणार नाहीं.