टंचाईत वाढलेली टोकबोक्की

कोरियन मालिकांतली माणसे रात्री ताडपत्रीच्या तंबूत, म्हणजे पोजांगमाचात, मन मोकळे करायला बसतात, तेव्हा समोर बऱ्याचदा टोकबोक्की असते: बोटाएवढे पांढरे, चिवट तुकडे आणि त्यांवर दाट, गोडसर तिखट लाल रस. मालिकांनी हा पदार्थ जगभर नेला, हे खरेच. पण त्या पाहणाऱ्याला तो शतकानुशतके असाच चालत आला असावा असे वाटते, आणि ते मला पटत नाही. ही लाल टोकबोक्की युद्धानंतरची आहे आणि तिला वाढवले ते टंचाईने. गोचुजांग ही मिरचीची आंबवलेली चटणी घालून ती करण्याचे श्रेय सोलच्या सिंदांग-दोंगमधल्या मा बोक-रिम या विक्रेतीला दिले जाते. साल १९५३, कोरियन युद्ध थांबले ते वर्ष. पुढची दोन दशके देशात तांदूळ पुरत नव्हता आणि मदत म्हणून अमेरिकन गहू येत होता. (तो पीएल ४८० या अमेरिकन कायद्याखाली येई; त्याच कायद्याखाली आपल्याकडे रेशनवर लाल मिलो ज्वारी आली.) पार्क चुंग-ही यांच्या सरकारने लोकांना गव्हाकडे वळवण्याची मोहीमच काढली. १९६९ पासून बुधवारी आणि शनिवारी दुपारच्या वेळी खानावळींना भात विकायला बंदी होती. शाळेत शिक्षक मुलांचे डबे उघडून भातात बार्ली मिसळली आहे की नाही ते पाहत. टोकबोक्कीही मग गव्हाच्या पिठाची झाली, स्वस्त झाली आणि शाळेबाहेरच्या गाड्यांवर पोरांच्या खिशाला परवडू लागली.

यावर कोणी म्हणेल की टोकबोक्की त्याहून जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या ‘शिउइजनसो’ या पाकपुस्तकात ती आहेच. आहे, पण ती सोया सॉसमधली, मांस घातलेली, सधन घरातली. तिला तिखटाचा स्पर्श नाही. नाव एक असले, तरी खाणारा वर्ग बदलला, धान्य बदलले, चवही बदलली. मग वारसा सांगताना त्या सधन घरांचे नाव आधी का घ्यावे? आज तांदळाचीही टोकबोक्की सर्रास मिळते, हा आक्षेपही टिकत नाही. तोंगिल या जास्त पिकणाऱ्या वाणामुळे सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात देश तांदळात स्वयंपूर्ण झाला, त्यानंतरची ही चैन. गव्हाची टोकबोक्की मात्र गेली नाही, कारण तोवर एक पिढी तिच्यावरच वाढली होती.

मालिकांचे काम मी कमी लेखत नाही. ‘स्क्विड गेम’ने २०२१ मध्ये दालगोना, म्हणजे साखर वितळवून सोडा घातलेली चकती, जगाला दाखवली; तीही युद्धोत्तर गरिबीतल्या मुलांचाच खाऊ. पण हे पदार्थ पडद्यावर येईपर्यंत टिकवले ते गाडीवाल्यांनी, आणि त्यांच्या वाट्याला काय आले? १९८८ च्या ऑलिंपिकआधी शहर नीटनेटके दिसावे म्हणून सोलमधल्या फेरीवाल्यांवर कारवाई झाली. पुढे कोरियन मालिकांना परदेशात प्रेक्षक मिळाले आणि २००९ मध्ये सरकारी पाठबळाने टोकबोक्कीची संशोधन संस्थाच निघाली.